खाडा नाही, खाडाखोड नाही

भाचीनं वही दिली, कोरी, जाड कागदाची.
म्हणाली, मावशी, ऑक्टोबरभर रोज एक चित्र.
समोर असेल ते. सुंदर शोधत बसायचं नाही.
पेनानं. खाडाखोड नाही,
आणि खाडाही नाही.

मी यास्ना. पुन्ता आरेनासला, बंदराच्या वरच्या अंगाला
माझं हार्डवेअरचं दुकान.
खिळे, बिजागऱ्या, दोरखंड, किलोवर आणि सुटे.
अठ्ठावन्न वर्षांत मी मन लावून ओढलेली रेघ म्हणजे
उधारी फिटली की नावावर मारलेली काट.

पहिल्या दिवशी किटली.
तोटी सोंडेवर गेली.
दुसऱ्या दिवशी माझाच डावा हात,
बोटं सहा झाली. पेन होतं. राहू दिली.

चौथ्या दिवशी वारा सुटला.
कॅलेंडर म्हणतं वसंत, वारा कॅलेंडर वाचत नाही.
चौकात दोर बांधले होते, धरून चालायला.
दोर काढला.
दोराला एक बाई काढली,
बाईच्या हातात पार आडवी झालेली पिशवी.
वारा काढावा लागला नाही.

नववा चुकला. माल उतरवता उतरवता रात्र झाली,
वर दाढ ठणकत होती.
दहाव्या दिवशी नवव्याच्या पानावर
ती दाढ काढली.
महिन्याभरात तेवढीच सुबक आली.

दॉन बेलार्मिनो अकराला येतात.
एक स्क्रू घेतात. एकच.
सुटे पैसे काउंटरवर एकेक करून मांडतात.
मी त्यांना कित्येक महिने पाहत होते,
म्हणजे मनगटापर्यंत.
अकराव्या दिवशी म्हटलं, जरा थांबता का,
आणि वर पाहिलं.

टोपी. कान. कोट.
कोटाचं तिसरं बटण तांब्याच्या तारेनं अडकवलेलं.
तार माझ्याच दुकानातली. अर्धा मीटर, मार्चमध्ये.
मार्चमध्ये त्यांची एर्सिलिया गेली.
मी तार मोजून कापली होती,
पावती फाडली होती,
वर विचारलंही होतं,
पिशवी हवी का.

पेन तिथंच थांबलं, कागदावर शाई पसरली.
तो डाग बटणाच्या जागी अजून आहे.

त्यांनी वही स्वतःकडे फिरवून घेतली.
‘माझा कान एवढा मोठा आहे?’
आहे, मी म्हटलं.
‘एर्सिलिया कधी बोलली नाही.’

मग चोविसाव्याला ते मुरंब्याची बरणी घेऊन आले,
काठोकाठ स्क्रू.
म्हणाले, घरात आता ठोकायला भिंत उरली नाही.
परत घेता का?
भिंतीवर पाटी आहे, माझ्याच अक्षरातली:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
मी पाटीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
मग किटली ठेवली, सोंडवाली.

काच काढता येत नाही, हे तेव्हा कळलं.
पलीकडचं काढत जायचं आणि मध्येच
थोडं वाकडं होऊ द्यायचं.
मोजले नाहीत ते स्क्रू.
पण एकेकाला आटे पाडले,
डोळे चुरचुरेपर्यंत. तीन दिवस गेले त्यात.
गिऱ्हाइकं आपापल्या हातानं मापं घेऊन गेली.

भाची फोनवर रागावली. मावशी, रोज एक, हा नियम आहे.
म्हटलं, अगं, ते रोज एकच तर आणत होते.

ऑक्टोबर संपला. वहीत चार पानं उरली आहेत.
दॉन बेलार्मिनो अकराला येतात, काही घेत नाहीत.
स्टूल जरा फिरवून बसतात,
कानाची ती बाजू भिंतीकडे.
मी बोलत नाही.

बटणाला तार तशीच आहे.
सुईदोरा मी ठेवत नाही दुकानात.
उद्या घरून आणेन म्हणते.